'चालत नाही' म्हणजे नेमकं काय होतं?

दिवाळीची सुट्टी संपली की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं माझ्याकडे हटकून येतात. प्रोजेक्टची धाकधूक तेव्हाच सुरू होते. वाक्य ठरलेलं असतं: "थिअरी येते, पण हातात घेतलं की काही चालत नाही. माझी शाखाच चुकली." समुपदेशक म्हणून कुडाळात बसून हे इतक्यांदा ऐकलंय की एकाची हकिगत लिहावीशी वाटली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मालवणजवळच्या किनाऱ्यावरच्या गावातला, इलेक्ट्रिकलचा मुलगा. आईनं धरून आणलेला. "मॅडम, हेका जरा समजवा. रात्रभर वायरींत टकला घालून बसता आणि सकाळी म्हणता, माका जमणा नाय."

प्रोजेक्ट घरच्याच गरजेचा निवडला होता. टाकी भरली की विहिरीवरचा पंप आपोआप बंद व्हावा. अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), रिले (विजेवर चालणारा स्विच), टाकीत पाण्याची पातळी कळायला सोडलेल्या तारा. मला तो ऐकताक्षणी आवडला. वर्गातल्या काहींनी शहरातून तयार प्रोजेक्ट मागवले होते. याची आईही पैसे मोजायला तयार होती.

पहिल्या दोन-तीन भेटी 'मी नालायक' याच सुरात गेल्या. मग मी त्याला सर्किट घेऊनच यायला सांगितलं. माझं इलेक्ट्रॉनिक्सचं ज्ञान फ्यूज बदलण्यापुरतं, आणि अशा वेळी ते पथ्यावर पडतं.

"काय होतं याला?"

"चालत नाही."

"म्हणजे काय होतं?"

"चालतच नाही, मॅडम."

"लाव बघू."

त्यानं लावलं. तारा ग्लासातल्या पाण्यात बुडवल्या, रिले 'टक' करून सुटला, डिस्प्लेवरची अक्षरं गेली आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं.

"हे कधी होतं? रिले लागताना की सुटताना?"

त्यानं चार-पाच वेळा करून पाहिलं. "सुटतानाच." मग थोडा वेळ तो माझ्याकडे बघतच नव्हता. "मॅडम, कॉइल... रिलेतल्या कॉइलचा प्रवाह तोडला की ती उलटा झटका देते. तो जिरवायला तिच्यावर उलटा डायोड लागतो, प्रवाह एकाच दिशेनं सोडणारा. मी लावलाच नाही." आणि मला समजावू लागला: रिलेला सत्तरेक मिलिअँपिअर लागतात, अर्डुइनोच्या पिनेनं वीसच्या आसपासच द्यावेत, म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर, तो लावला होता, राहिला तो डायोड. नालायक मुलगा दहा मिनिटं अस्खलित बोलत होता.

मी त्याला तिथेच थांबवलं. "आता 'मला जमत नाही' हेही असंच सांग. काय जमत नाही? कधी?"

उत्तर त्या दिवशी आलं नाही. पुढच्या भेटीत बसता बसता म्हणाला, "सीआरओ." म्हणजे सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारं लॅबमधलं यंत्र.

"त्याचं काय?"

"मी त्याचं एकही बटण फिरवलेलं नाही. आमचा चौघांचा ग्रुप. माझं अक्षर चांगलं, म्हणून दुसऱ्या वर्षापासून रीडिंग मी लिहितो. जोडणी बाकीचे करतात."

हे वाक्य मी वहीत अधोरेखित करून ठेवलंय. ज्याला तो बुद्धीची कमतरता समजत होता, ती हाताची सवय होती. तीही त्याला आळसामुळे लागली नव्हती. चांगल्या अक्षराच्या कौतुकात त्याच्या वाट्याला वहीच येत गेली. त्यानंतर किती मुलामुलींना मी विचारलं, ग्रुपमध्ये वही कुणाकडे असते! मुलींकडे तर वही हमखास आलेली असते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडलेला विचार मला इथे नेहमी उपयोगी पडतो: कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. 'सोल्डर कच्चा राहिला' हे दुरुस्त करता येतं, 'मी कच्चा' याचं काय करणार? डॉक्टरकडे जाऊन 'बरं वाटत नाही' एवढंच सांगून गप्प बसण्यासारखं आहे ते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचं निम्मं काम प्रश्न नेमका झाला की होऊन जातं, असा माझा अनुभव आहे.

पुढचं पटकन सांगते. लॅबमध्ये त्यानं लिहिणं आणि जोडणं आळीपाळीनं करायचं ठरवून घेतलं. डायोड लावल्यावर रिसेट होणं थांबलं. मग टाकीतल्या तारा काळ्या पडून झिजायला लागल्या. या वेळी मला सांगायला आला तेव्हा कारण घेऊनच आला होता: डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह, सतत सोडला की पाण्यात इलेक्ट्रोलिसिस होतं. आता तो पातळी मोजण्यापुरताच क्षणभर प्रवाह देतो.

अशाच चिंतेत असलेल्यांसाठी थोडं. एक वही ठेवा; काय दिसलं, काय मोजलं, काय बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर सुधारलं तरी कशानं ते कळत नाही. आधी सप्लाय मोजा. मल्टिमीटर स्वस्तातला चालेल. हात बसेपर्यंत लहान सर्किट करा. 555 टायमर या छोट्या चिपवर एलईडी लुकलुकवणं कुणाला पोरकट वाटेल, पण 1972 मध्ये बाजारात आलेली ती आयसी अजून विकली जाते. सुट्टीत गावातल्या टीव्ही-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात बसायला मिळालं तर जरूर बसा, 'ड्राय सोल्डर', म्हणजे नीट न धरलेला जोड, नजरेनं ओळखायला तिथे शिकाल. आणि आपल्याकडची खारी हवा पिना हिरव्या करते, तेव्हा काल चाललेलं आज बंद पडलं तर आधी कनेक्टर साफ करून बघा, मग स्वतःला दोष द्या.

तयार प्रोजेक्ट विकत घेऊ नका. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं आणि 'मला जमत नाही' याला पावती मिळते.

पालकांनी रोज "चाललं का?" विचारू नये, "आज काय सापडलं?" विचारलं तर मूल बोलतं. मात्र झोप, जेवण सुटलं असेल, जगण्यातच अर्थ नाही असं बोलणं येत असेल, तर प्रोजेक्ट बाजूला ठेवून ताबडतोब मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

आणि 230 व्होल्टचं काम एकट्यानं, रात्री, ओल्या पायांनी करायचं नाही. आधी पाच-बारा व्होल्टवर सगळं चालवून बघायचं. पंपाची जोडणी लायसन्स असलेल्या वायरमनसमोर. या मुलाच्या आईनं ही अट घातली, तेव्हा त्यानं तोंड वाकडं केलं. मी आईच्या बाजूनं होते.