वाटी घेऊन यायला सांग

बडोदे,
दसऱ्यानंतरचा सोमवार

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं आणि दोन दिवस तेच डोक्यात आहे. वजन उतरवायला तुझ्याकडे येणाऱ्या दांडिया बाजारातल्या त्या काकू म्हणतात, "मी काही खातच नाही, तरी वजन वाढतंय." त्यांनी आठवडाभर वहीत लिहून आणलेलं तू मोजलंस, तर दिवसाच्या जेमतेम 1100 कॅलरी भरल्या. तू लिहितेस, "बाई, एक तर त्या खोटं बोलतात, नाहीतर आपलं शास्त्र खोटं आहे."

दोन्ही खरं नाही. मीही एकदा पहिल्या निष्कर्षावर उडी मारली होती. आहारतज्ज्ञ म्हणून नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. एका बाईंना मी तोंडावर म्हटलं, "एवढं कमी खाऊन वजन वाढत नसतं, तुम्ही लपवताय." त्या काही बोलल्या नाहीत. पदर सावरून उठल्या आणि गेल्या. त्यांना मधुमेह होता, नियमित यायची गरज होती, पण त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. ते आजही मला बोचतं. तुझ्या हातून ते होऊ नये म्हणून एवढं लांब लिहिते आहे.

आधी शास्त्राचं. होम सायन्सला शिकताना आम्ही सुईला शेंगदाणा टोचून पेटवायचो आणि त्याच्यावर परीक्षानळी धरायचो. तळाशी थोडंसं पाणी. एवढासा दाणा पिवळ्या ज्योतीनं जळत राहायचा आणि बघता बघता पाणी उकळायला लागायचं. एक किलो पाणी एका अंशानं तापवायला लागणारी उष्णता म्हणजे आपण आहारात मोजतो ती एक कॅलरी. अॅटवॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अन्नाच्या ऊर्जेचा हिशेब बसवला: ग्रॅमभर पिष्टाला 4, प्रथिनाला 4, स्निग्धाला 9. तेच आकडे आपण आजही वापरतो. माणूस हवेतून चरबी तयार करू शकत नाही. खर्चापेक्षा जास्त आलं तरच साठतं, यात शंका घेऊ नकोस.

शंका घ्यायची ती मापाबद्दल.

पुढे काही वर्षांनी अशाच एक काकू माझ्याकडे आल्या. निवृत्त शिक्षिका, अक्षर मोत्यासारखं, वहीत एक ओळ चुकलेली नाही. "दुपारी: वरण 1 वाटी, भात 1 वाटी, भाजी 1 वाटी." त्यांना मी म्हटलं, पुढच्या वेळी घरची वाटी घेऊन या. त्यांनी आणली. पितळी, आतून कल्हई केलेली, सासूबाईंच्या वेळची. मी मोजपात्र पुढे केलं आणि म्हटलं, तुम्हीच पाणी ओता. आपल्या तक्त्यातली वाटी 150 मिलिलिटरची. दीडशे झालं, वाटी भरेना. दोनशे झालं, अजून काठ वर. 240 ला पाणी काठाशी आलं. त्यांनी एकदा वाटीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी दीडपट जेवतेय." दीडपटीहून थोडं जास्तच. पण वहीतला एकही शब्द खोटा नव्हता.

1992 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी अशाच दहा जणांचा अभ्यास केला. हे लोक सांगत होते, आम्ही 1200 कॅलरींच्या आत खातो तरी वजन उतरत नाही. संशोधकांनी त्यांच्या शरीराचा खर्च नेमका मोजला. चयापचयात काहीही बिघाड नव्हता. लिहून दिलेलं मात्र खऱ्या खाण्यापेक्षा सरासरी 47 टक्के कमी होतं, आणि हालचाल 51 टक्के जास्त सांगितलेली होती. हे निवडलेले लोक होते, सगळे इतके चुकतात असं नाही. पण थोडंफार चुकतो आपण सगळेच. उभ्यानं खाल्लेलं वहीत येत नाही. फोडणीनंतर चव बघितलेली, नातवाच्या ताटात उरलेली अर्धी पोळी (उष्टं टाकायचं नाही ही आपली शिकवण), झोपाळ्यावर बसून गप्पा मारताना डब्यातून घेतलेली मूठभर शेव. ती मूठ 30 ग्रॅमची असली तर दीडशेच्या वर कॅलरी झाल्या.

आणि तेल. तेलाचं विचारताना "भाजीत किती चमचे घालता?" असं कधी विचारू नकोस. चमच्यानं कोण घालतं? पळी उलटी होते. आपल्या गुजरातेत प्रश्न सोपा आहे: सिंगतेलाचा (म्हणजे शेंगदाणा तेलाचा) 15 किलोचा डबा किती दिवस पुरतो आणि घरात माणसं किती? चार माणसांत तीन महिने पुरला, तर माणशी दिवसाला जवळजवळ 42 ग्रॅम झालं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2000 कॅलरींचं ताट आखलंय, त्यात वरून घेतलेलं तेल-तूप 27 ग्रॅम आहे. फरक 15 ग्रॅमचा, म्हणजे रोजच्या 130 कॅलरी, आणि ताटात त्या दिसतसुद्धा नाहीत. तळून उरलेलं तेल टाकलं असेल तर तेवढं वजा कर. पण बाहेरच्या सेव-उसळीची तर्री आणि तळलेला लिला चिवडा या डब्यात आलेलेच नाहीत, हेही लक्षात ठेव.

आता तुझ्या चुकीबद्दल. तू काकूंना लिहून दिलंस: "रोज 500 कॅलरी कमी, वर्षात 24 किलो उतरतील." किलोभर चरबीत साधारण 7700 कॅलरी असतात, त्यानं भागून तू हे काढलंस. भागाकार बरोबर आहे, पण शरीर तसं चालत नाही. वजन उतरलं की शरीर लहान होतं, लहान शरीराचा खर्च कमी, मग त्याच 500 चा परिणाम महिन्यागणिक ओसरत जातो. केव्हिन हॉल या अमेरिकेतल्या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये हे गणित नव्यानं मांडलं. ढोबळ नियम असा: रोजच्या खाण्यातला 24 कॅलरींचा कायमचा फरक म्हणजे शेवटी एक किलो. त्यातलं अर्धं पहिल्या वर्षात, आणि जवळपास सगळं व्हायला तीन वर्षं. म्हणजे काकूंनी तुझा तक्ता तंतोतंत पाळला असता तरी वर्षात दहा-अकरा किलो. तू मात्र 24 चं वचन दिलंस. आठव्या महिन्यात काटा रेंगाळला असता, तेव्हा त्यांनी स्वतःलाच दोष दिला असता. तो कागद परत माग आणि नवा आकडा लिहून दे.

वाढणंही याच चालीनं होतं. तेलातल्या त्या 130 कॅलरींनी माणूस जन्मभर फुगत जात नाही. दोन-तीन वर्षांत पाच-साडेपाच किलो चढतात आणि तिथे थांबतात. म्हणून तर लोक म्हणतात, "मी पूर्वीइतकंच खातो." कदाचित खरंच तेवढंच खात असतील. पण नोकरी संपली, खंडेराव मार्केटला चालत जाणं बंद झालं, इमारतीला लिफ्ट आली. साठ किलोच्या माणसाला किलोमीटरभर चालायला पन्नासेक कॅलरी लागतात. दोन किलोमीटर बंद झाले की शंभर उरल्या. याबद्दल काकूंना एकही प्रश्न विचारल्याचं तुझ्या पत्रात दिसत नाही.

दसऱ्यानंतर त्यांचं वजन दीड किलोनं वाढलेलं बघून तू घाबरलीस. दोन दिवसांत दीड किलो चरबी चढायला खर्चाच्या वर साडेअकरा हजार कॅलरी खाव्या लागतील. फाफडा-जिलेबी कितीही खाल्ली तरी एवढं होत नाही. ते बरंचसं पाणी आहे. साठवलेल्या पिष्टाच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरतं, वर फरसाणातलं मीठ. आठवड्यात उतरेल. उलटंही तसंच: पथ्याच्या पहिल्या आठवड्यात भराभर उतरतं त्यात पाणीच जास्त, म्हणून तेव्हा पाठ थोपटताना जरा हात राखून.

थायरॉईड तपासलंय का ते बघ. त्यानं वाढणारं वजन सहसा थोडंच असतं, पण तपासणी सोडू नये. स्टेरॉइड, इन्शुलिन, काही मानसिक आजारांवरच्या गोळ्या, यांनीही वजन वाढतं. औषधांची पिशवी मागव. गोळी मात्र तुझ्या सांगण्यावरून त्यांनी बंद करता कामा नये, ते डॉक्टरांशी बोल. टेपनं कंबरही मोज. आपल्याकडे बाईची 80 सेंटिमीटरच्या वर गेली की लक्ष द्यायचं. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक किती वर्षं सांगतायत की आपली माणसं दिसायला बारीक असली तरी आत चरबी जास्त असते.

गुरुवारी काकू येतील. आज फोन करून सांग की येताना घरची वाटी, तेलाची पळी आणि चहाचा कप आणा, आणि तेलाचा डबा कधी फोडला तेवढं आठवून या. 1100 चा विषय तू काढू नकोस. आल्या की आधी पाणी विचार, बसू दे, मग मोजपात्र पुढे कर. वाटीत पाणी त्यांनाच ओतू दे, आणि त्या काठापर्यंत पोचेपर्यंत तू काही बोलू नकोस.

तुझी,
बाई