निराधारच्या पगारीसाठी गावाने तहसीलला निवेदन देऊन काही होतं का?

नुसत्या निवेदनाने होत नाही. फोटो निघतो, कागद आवक टेबलावर पडून राहतो. गावातल्या विधवा नि म्हाताऱ्या माणसांची निराधारची पगार, म्हणजे सरकारची महिन्याची मदत, चालू व्हावी म्हणून पोरांनी काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी बीडमधल्या माजलगावकडचा, तेव्हा इकडचं सांगतो.

आधी कुणाची खरंच बंद आहे ते बघा. पैसे आता डीबीटीने येतात, म्हणजे आधारला जोडलेल्या खात्यात. म्हातारी जुन्या बँकेत पासबुक घेऊन खेटे घालते आणि पैसे मधेच कुणी उघडून दिलेल्या पोस्टाच्या खात्यात साचलेले असतात. आमच्या गल्लीतल्या एका आजीचं असंच निघालं. असं दुसरं खातं आपल्या नावावर आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. अशी नावं बाजूला काढली की यादी बरीच आटते.

उरतात नवे अर्ज, आणि खरी अडवणूक तिथंच आहे. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत दाखवावं लागतं. दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत! खुरपायला गेलेल्या बाईचा एका दिवसाचा रोज त्याच्या चौपट. मग तेवढ्या कमी रकमेचा दाखला द्यायला तलाठी कचरतो, दिलाच तर मेहेरबानी म्हणून देतो, आणि मेहेरबानी आली की मधला माणूस आलाच. लाडक्या बहिणीला मात्र मर्यादा अडीच लाख. निराधार विधवेला मिळतात १५००, तिलाही तेवढेच. हा हिशेब कुणी बसवला, देव जाणे.

म्हणून मागणी एकच धरा: मर्यादा वाढवा. ते तहसीलदाराच्या हातात नाही, राज्य सरकारच्या आहे. ग्रामसभेत ठराव घ्या, आजूबाजूच्या गावांनाही घ्यायला लावा आणि सगळे मिळून आमदाराच्या हातात द्या. तहसीलच्या संगायो (संजय गांधी निराधार योजना) विभागात मात्र अर्ज ज्याचा त्याचा, आणि प्रत्येकाची शिक्क्यानिशी पोच घ्यायची. तोंडी ‘बघतो’ वर परतू नका. अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागा.

हे सगळं दिवाळीच्या आत उरका. एकदा कोयते, म्हणजे ऊसतोडीची माणसं, साखर कारखान्याला गेले की सह्या करायला आणि म्हातारीला तालुक्याला न्यायला गावात कुणी राहत नाही. २ ऑक्टोबरची ग्रामसभा तेवढी सोडू नका.