डॉक्टर म्हणतात भावाला सायकोसिसचा धोका आहे. घरच्यांनी कसं वागावं? औषध लगेच सुरू करावं का?

तुम्ही लिहिलंय, भाऊ एकोणीस वर्षांचा, लोक आपल्याबद्दल बोलतात असं त्याला वाटतं, आणि "की मलाच तसं वाटतंय?" असंही तो विचारतो. हे विचारणं जपा. सायकोसिस म्हणजे भ्रम आणि भास खरेच वाटायला लागणं; भ्रम पक्का झाला की हा प्रश्न पडेनासा होतो.

माझ्या मुलाचं असंच सुरू झालं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, मग टीव्हीच्या लाल दिव्यावर. कॉलेज सुटलं, रात्र रात्र जागा. पण मी ओटा आवरत असले की येऊन सगळं सांगायचा. खालच्या मजल्यावरचे आपलं नाव घेतात म्हणाला. मी "हो" म्हटलं नाही, "छे, काहीतरीच" पण नाही. "त्रास होत असेल रे फार," एवढंच. आमचे थोरले दीर मात्र घरात वडीलधारे, त्यामुळे त्यांना सगळंच कळतं. "एकदाचा सोक्षमोक्ष लावू" म्हणत त्याला दंडाला धरून खाली नेलं, बेल वाजवली आणि विचारलं, "तुम्ही याचं नाव घेता का?" ती माणसं गोंधळून एकमेकांकडे बघायला लागली. झालं, मुलाला तोच पुरावा. त्या दिवसापासून त्याने सांगणंच सोडलं. आता डॉक्टर विचारणार काय? धोका किती वाढलाय हे ना रक्ततपासणीत दिसतं ना स्कॅनमध्ये, त्याच्या तोंडून येईल तेवढंच कळतं. पुन्हा बोलता झाला तो कपड्यांच्या घड्या घालताना, माझ्याकडे न बघता.

दिरांचं मत, लाडावलाय, चार शब्द सुनवा. लंडनमध्ये व्हॉन आणि लेफ या संशोधकांनी १९७६ साली दाखवून दिलं की स्किझोफ्रेनिया या सायकोसिसच्याच एका आजारातून सावरून घरी गेलेल्यांचा आजार टोमणे, राग किंवा अति काळजी असलेल्या घरांत जास्त उलटतो. (अति काळजी वाचून दीर ते माझ्यावरच शेकवतील, असो.) हा अभ्यास आजार झालेल्यांचा आहे, तुमच्या भावाला तो झालेला नाही. धोका आहे म्हणून सांगितलेल्यांपैकी पुढच्या ३ वर्षांत साधारण २५ टक्केच सायकोसिसपर्यंत जातात.

औषधाचं म्हणाल तर नुसता धोका आहे म्हणून अँटिसायकोटिक (भ्रम-भास कमी करणारं औषध) देऊ नये, असं उपचार कसे करावेत हे ठरवून देणारी ब्रिटनची नाइस ही संस्था स्पष्ट सांगते. आधी सीबीटी, म्हणजे बोलून विचारांवर आणि वागण्यावर काम करायची थेरपी, जमलं तर घरच्यांनाही सोबत घेऊन. गांजा ओढत असेल तर तो सुटायलाच हवा, आणि झोप. बाकी अभ्यास, आंघोळ, खोलीतला पसारा यावरून कटकट नको.

अर्थात हे सगळं डॉक्टर सोबत असताना. सुरू असलेली गोळी माझं वाचून बंद करू नका. "मलाच वाटतंय का" हे विचारणं थांबलं, कानात ऐकू येणारे आवाज हुकूम सोडायला लागले, जिवाचं बरंवाईट करायची भाषा आली, तर समजूत घालत बसू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

आणि घरातल्या थोरामोठ्यांना आत्ताच बजावून ठेवा, शहानिशा करायला कुणी कुणाच्या दारात जायचं नाही. वाईटपणा येईल, घ्या. मी घेतला. दीर बरेच दिवस फिरकले नाहीत, आणि खरं सांगते, त्याचंही काही वाईट वाटलं नाही.