१९३८चं ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ हे रेडिओनाटक आज ऐकण्यासारखं आहे का?

नक्की ऐका, शक्यतो रात्री दिवे मालवून. ३० ऑक्टोबर १९३८ला सीबीएस या अमेरिकी रेडिओ वाहिनीवर दिग्दर्शक-नट ऑर्सन वेल्सच्या चमूने सादर केलेल्या, मंगळवासीयांच्या पृथ्वीवरच्या हल्ल्याच्या या तासाभराच्या नाटकाचं खरं बळ बातमीपत्राच्या बाजात आहे. नाचाचं संगीत चालू असतं, मध्येच बातमी येते, पुन्हा संगीत. मग मंगळवासी जिथे उतरतात त्या ग्रोव्हर्स मिल गावाहून बोलणारा वार्ताहर वाक्य अर्धवट टाकतो आणि नुसती शांतता! मंगळावरचा राक्षस डोळ्यांनी पाहूनही मला एवढी भीती वाटली नसती. (वार्ताहर झालेल्या नटाने तयारीसाठी हिंडेनबर्ग या जळून कोसळलेल्या हवाई जहाजाच्या दुर्घटनेचं ध्वनिमुद्रण ऐकलं होतं.) मध्यंतरानंतर मात्र नाटकातल्या खगोलशास्त्रज्ञाचं, प्राध्यापक पिअरसनचं, लांबलचक निवेदन सुरू होतं आणि पकड सुटते. त्याआधी काही मिनिटांतच सैन्य येऊन हरतं, हेही फार घाईचं वाटतं.