इन्स्टॉलरचं साधन बदलायचंय, वरिष्ठांना कसं पटवू?

प्रश्न : आमच्या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर एका विकतच्या साधनानं बनतो. त्याचं लायसन एकाच मशीनला बांधलेलं आहे. प्रोजेक्टची फाइल बायनरी, म्हणजे उघडून वाचता न येणारी असल्यामुळे कोणी काय बदललं ते कळत नाही. मी विक्स हे इन्स्टॉलर बनवायचं ओपन सोर्स साधन सुचवलं, तर मॅनेजर म्हणतात, "ओपन सोर्सला उद्या वाली कोण?" काय उत्तर देऊ?
– एक बिल्ड इंजिनिअर

उत्तर : तुमच्या मॅनेजरांची शंका रास्त आहे. इन्स्टॉलर फसला तर ग्राहकाचा फोन त्यांनाच येणार. मी स्वतः रिलीझचं काम केलेलं असल्यामुळे ही धास्ती मला चांगली ठाऊक आहे. म्हणून ओपन सोर्सची थोरवी सांगत बसू नका, त्यांच्या धास्तीलाच उत्तर द्या.

विक्स मायक्रोसॉफ्टमध्येच तयार झालं. २००४ साली कंपनीनं ते ओपन सोर्स परवान्याखाली खुलं केलं आणि तिचा तो असा पहिलाच प्रकल्प होता. ऑफिस आणि व्हिज्युअल स्टुडिओच्या इन्स्टॉलरसाठीही ते वापरलं गेलं. त्यातून बाहेर पडते ती नेहमीची एमएसआय फाइल, म्हणजे विंडोजवर सॉफ्टवेअर बसवायचं पॅकेज. ती चालवतो विंडोजचाच भाग असलेला विंडोज इन्स्टॉलर, आणि तो ग्राहकाच्या मशीनवर आधीपासून असतोच. उद्या विक्सचं काम थांबलं, तरी दिलेले इन्स्टॉलर बंद पडणार नाहीत आणि इन्स्टॉलरमध्ये काय-काय आहे ते साध्या मजकुरात लिहिलेल्या तुमच्या एक्सएमएल फाइली तुमच्याकडेच राहतील. आज लायसन बांधलेलं ते एकच मशीन बिघडलं तर काय कराल, हे मात्र त्यांना जरूर विचारा. खरा धोका तिथे आहे.

'पैसे वाचतील' हा मुद्दा पुढे करू नका. विक्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांच्या तयार बायनरी (थेट चालवता येणाऱ्या फाइली) वापरून व्यवसाय करणाऱ्यांनी देखभाल शुल्क द्यावं, अशी अपेक्षा आहे. हे तुम्हीच आधी सांगा. नंतर दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरचाही विश्वास उडेल. मला तर हे शुल्क योग्यच वाटतं. वाली हवा असेल, तर त्याचं पोट भरायला नको का? परवान्याचा प्रश्नही येईल. विक्सच्या स्वतःच्या सोर्स फाइली बदलून वाटल्या, तर ते बदल खुले करावे लागतात. तुमच्या उत्पादनाचा कोड त्यात येत नाही. तरी विधी विभागाला परवाना आधीच वाचायला द्या.

आता मुख्य काम. परवानगी मागण्याआधी तुमचं सगळ्यात लहान उत्पादन निवडा आणि त्याची सध्याची एमएसआय विक्सच्या डीकंपाइलरमधून, म्हणजे तयार एमएसआयचं परत एक्सएमएल करणाऱ्या साधनातून काढा. मिळणारं एक्सएमएल ओबडधोबड असेल, ते हातानं नीट करावं लागेल. इथे घाई नको. अपग्रेड कोड, म्हणजे उत्पादनाच्या सगळ्या आवृत्त्यांची सामायिक ओळख, जुनाच ठेवा. तो बदलला, तर विंडोजला नवी आवृत्ती म्हणजे वेगळंच उत्पादन वाटेल आणि ग्राहकाकडे दोन्ही शेजारी-शेजारी बसतील. कॉम्पोनंटचे (इन्स्टॉलरमधल्या घटकांचे) आयडीही सांभाळा, नाहीतर पॅचेस गडबडतील. मग स्वच्छ मशीनवर इन्स्टॉल, जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड, रिपेअर, अनइन्स्टॉल आणि पडद्यावर काहीही न दाखवता होणारं इन्स्टॉलेशन, सगळं लॉगसकट तपासा. शेवटचं विसरू नका, मोठे ग्राहक शेकडो मशीनवर तसंच बसवतात.

मॅनेजरांसमोर स्लाइड नेऊ नका. एक फाइल इन्स्टॉलरमध्ये वाढवा, तो बदल गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) एका ओळीत दिसू द्या आणि बिल्ड सर्व्हरवर कोणाचा हात न लागता एमएसआय तयार होताना दाखवा. कोणी, कधी, का बदललं, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, तेव्हा मन वळतं असा माझा अनुभव आहे.

आणि 'वाली कोण' याला नावानिशी उत्तर द्या: तुम्ही, आणि तुमच्याकडून शिकलेला आणखी एक सहकारी. दोघांनाही एकट्यानं बिल्ड करता आलं पाहिजे. सगळं एकदम बदलायची परवानगी मागू नका. पुढची एक किरकोळ आवृत्ती विक्सनं काढू द्या, एवढंच मागा. जुन्या साधनाचं लायसन तोवर चालू राहू द्या.