लोरेना बोर्हास आणि जामिनाचे पैसे

प्रश्न : ताई, न्यूयॉर्कच्या लोरेना बोर्हास यांच्याबद्दल कुठेतरी दोन ओळी वाचल्या, ट्रान्सजेंडर बायकांना जामिनावर सोडवायच्या म्हणे. पण जामिनाचं एवढं काय कौतुक? गरिबाला वकील तर तिकडे सरकारही देतं ना?
– एक वाचक

उत्तर : वकील मिळतो हो, पण जामिनाची रक्कम भरणार कोण? ती भरली नाही तर खटला उभा राहीपर्यंत बाई आतच, मग वैतागून माणूस गुन्हा कबूल करून मोकळा होतो, आणि बाहेरच्या देशातून आलेली असेल तर त्याच कबुलीवरून तिला परत पाठवू शकतात! लोरेनाताईंना हे पुस्तकात वाचून कळलेलं नव्हतं. त्या मेक्सिकोच्या, जन्म १९६०चा, विशीत अमेरिकेत आल्या, तिथे मानवी तस्करी करणाऱ्यांच्या तावडीत सापडल्या, वर पोलिसांनी त्यांनाच धरलं, शिक्षा झाली आणि सुटल्यावरही हद्दपारीची टांगती तलवार कितीतरी वर्षं राहिली. न्यूयॉर्क राज्याच्या गव्हर्नरने माफी दिली ती थेट २०१७ला, नागरिकत्व मिळालं २०१९ला.

पण त्या माफीची वाट बघत बसल्या नाहीत. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातल्या रुझवेल्ट अव्हेन्यूवर रात्री चाकांची ट्रॉली ओढत फिरायच्या, त्यात खायला काहीतरी आणि कंडोम. आता गंमत बघा (गंमत कसली, संताप येतो), तिथले पोलिस पर्समधले कंडोमच वेश्याव्यवसायाचा पुरावा म्हणून दाखवायचे, वर १९७६चा एक कायदा होता की वेश्याव्यवसायाच्या हेतूने रस्त्यावर घुटमळणं हाच गुन्हा, मग कपडे बघून, उभं राहण्याची पद्धत बघून कुणालाही उचला. ट्रान्स बायका नुसत्या घराकडे चालल्या असल्या तरी सापडायच्या. म्हणून आधी पदरमोड करून आणि मग २०११ला चेस स्ट्रँजिओ या वकिलाबरोबर रीतसर फंड काढून त्यांनी जामीन भरायला सुरुवात केली, शिवाय कोर्टाच्या तारखांना स्वतः जाऊन बसायच्या. मला विचाराल तर हे जाऊन बसणं पैशाइतकंच मोठं, कारण घरच्यांनी तोडलेल्या बाईच्या मागे कुणीतरी आहे हे जजला दिसतं. एचआयव्हीची तपासणी तर स्वतःच्या घरातच करायच्या.

३० मार्च २०२०ला कोविडने गेल्या. त्याच्या थोडे दिवस आधीच, लॉकडाउनमुळे कमाई बुडालेल्या ट्रान्स लोकांसाठी पैसे गोळा करायला लागल्या होत्या. तो घुटमळण्याचा कायदा फेब्रुवारी २०२१मध्ये रद्द झाला, त्यांना काही बघायला मिळालं नाही.