२० टाक्यांचे २७ कसे होतात?

प्रश्न : निवृत्तीनंतर मी विणकाम शिकायला घेतले आहे. ८ नंबरच्या सुयांवर २० टाके घातले आणि प्रत्येक ओळ सुलट विणत गेले. वीतभर विणून झाल्यावर मोजले, तर टाके २७ भरले. पट्टी रुंदावत गेली आहे आणि मधे दोन-तीन भोकेही दिसतात. शिवाय टाके इतके घट्ट बसतात की सुई आत शिरत नाही. मुंबईच्या दमट हवेत लोकर बोटांना चिकटते, ते वेगळेच. आता सगळे उसवावे, की उलट टाका शिकायला घ्यावा?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : उलट टाका सध्या बाजूला ठेवा. तुमच्या पट्टीत जे बिघडले आहे ते सुलट टाक्यातच आहे, आणि ते नेमके कोठे बिघडले हे भोकांवरून ओळखता येते.

जेथे भोक आहे, तेथे लोकर दोन्ही सुयांच्या मधून पुढच्या बाजूला, म्हणजे तुमच्याकडे, आलेली असणार. तशीच पुढचा टाका विणला की लोकरीचा एक जादा वेढा सुईवर पडतो, परत येताना तोही टाका म्हणून विणला जातो आणि त्याच्या खाली भोक राहते. जाळीच्या विणीत हेच मुद्दाम करतात. तुमच्याकडून ते नकळत झाले. म्हणून सुलट विणताना लोकर कायम कामाच्या मागे असावी.

भोक नसूनही टाके वाढले असतील, तर ओळीचा पहिला टाका तपासा. काम उलटून घेतल्यावर लोकर सुईवरून मागे ओढली गेली, तर खालच्या ओळीचा टाका वर खेचला जातो आणि त्याचे दोन्ही पाय, म्हणजे फासाच्या दोन्ही बाजू, सुईवर दोन टाक्यांसारखे दिसतात. नवशिक्या व्यक्ती ते दोन्ही विणते आणि एकाचे दोन होतात. यासाठी ओळ सुरू करण्यापूर्वी लोकर सुईच्या खाली लोंबती ठेवावी आणि सुईखालूनच मागे न्यावी. माझ्या अनुभवात कडा पसरण्याचे कारण बहुधा येथेच सापडते.

सुलट टाका विणताना उजवी सुई डाव्या सुईवरील टाक्यात पुढून, डावीकडून उजवीकडे घालावी, तिचे टोक डाव्या सुईच्या मागे जाऊ द्यावे, मागची लोकर त्या टोकाभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने एकदाच फिरवावी, तो वेढा टाक्यातून पुढे काढावा आणि मगच जुना टाका डाव्या सुईवरून सोडावा. वेढा दुसऱ्या दिशेने घेतला, तर टाका सुईवर उलटा बसतो आणि पुढच्या ओळीत नेहमीप्रमाणे विणल्यास त्याला पीळ पडतो.

घट्ट विणले की वीण नीटस येते, असे काही जण सांगतात. नवशिक्यासाठी याहून वाईट सल्ला मला माहीत नाही. सुईच्या निमुळत्या टोकावरच टाका ओढून घेतला की तो लहान राहतो आणि जाड भागावर सरकत नाही. नवा टाका सुईच्या पूर्ण जाडीवर बसू द्यावा आणि प्रत्येक टाक्यानंतर लोकर ओढण्याची सवय सोडावी.

आता उसवण्याविषयी. ही पट्टी तशीच जपून ठेवा, चुका ओळखायला ती उपयोगी पडेल. दुसऱ्या लोकरीने पुन्हा २० टाके घाला आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मोजा. सर्व ओळी सुलट विणल्या की दोन ओळींची मिळून एक आडवी उठावदार रेघ दिसते. अशा १० रेघा, म्हणजे २० ओळी, टाके न वाढता झाल्या की खुशाल उलट टाक्याकडे वळा.

सुयांबाबत एक काळजी घ्या. आपल्याकडच्या जुन्या ब्रिटिश क्रमांकानुसार ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची असते आणि नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकी मोजमापात मात्र ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. परदेशी व्हिडिओ पाहून शिकत असाल, तर मिलिमीटरच पाहावेत. दमट हवेसाठी जाडसर सुती दोरा घेऊन पाहा, तो घामट बोटांना लोकरीइतका चिकटत नाही. मात्र तो लोकरीसारखा ताणलाही जात नाही, त्यामुळे हात आणखी सैल ठेवावा लागेल. टाके सुईवरून निसटत असतील, तर ॲल्युमिनियमऐवजी बांबूच्या सुया घ्याव्यात. भुलेश्वर किंवा दादरच्या बाजारात विचारल्यास हे सामान मिळू शकेल; दोरा फिकट, एकरंगी घ्या, कारण काळ्या रंगावर टाके मोजणे सरावलेल्या डोळ्यांनाही जड जाते.